गृहस्वयंचलन प्रणाली व सुरक्षा-इशारा पॅनल यांची जोडणी : कसाल परिसरातील बंद घरांच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

मुंबई-गोवा महामार्गावर, म्हणजेच पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ व आजच्या क्रमांक ६६ वर, कुडाळ तालुक्यात कसाल हे गाव आहे. मालवणकडे जाणारा रस्ता येथेच महामार्गापासून फुटतो. या परिसरातील वाड्यांतून फिरताना एक दृश्य वारंवार नजरेस पडते. चिऱ्याच्या भिंतींचे कौलारू घर अथवा अलीकडे बांधलेले स्लॅबचे घर, पुढे खळे, तुळशीवृंदावन आणि दाराला कुलूप. घरातील माणसे मुंबई, ठाणे, पुणे, गोवा किंवा आखाती देशांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेली असतात. गणेशचतुर्थी, शिमगा व मे महिन्याची सुटी एवढ्यापुरतेच घर उघडते. काही घरांत वृद्ध आई किंवा वडील एकटेच राहतात. २००१ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ इतकी झाली. माणसे कमी होत जाणाऱ्या जिल्ह्यात घराची राखण कोणी करायची, हा केवळ तंत्रज्ञानाचा प्रश्न राहत नाही.

या गरजेतून अनेक चाकरमानी कुटुंबे गावच्या घरी दोन प्रकारची उपकरणे बसवू लागली आहेत. एक, चोरी व आग यांचा इशारा देणारे पॅनल. आणि दुसरी, दिवे, पंखे, पाण्याचा पंप व कॅमेरे दुरून हाताळता येणारी गृहस्वयंचलन प्रणाली. ही दोन्ही एकमेकांना जोडावीत, अशी अपेक्षा साहजिकच निर्माण होते. ही जोडणी कोणकोणत्या मार्गांनी करता येते, तिच्यात कोणते धोके संभवतात आणि कोकणातील परिस्थितीत कोणती दक्षता घ्यावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

सुरक्षा-इशारा पॅनलचा इतिहास बराच जुना आहे. ऑगस्टस रसेल पोप यांना अमेरिकेत १८५३ मध्ये विद्युतचुंबकीय चोरघंटेचे पेटंट मिळाले. पुढे एडविन होम्स यांनी ते विकत घेऊन त्याचा व्यापारी प्रसार केला. दार उघडले की परिपथाची स्थिती बदलते आणि घंटा वाजते, हे त्यामागील तत्त्व आजही कायम आहे. आधुनिक पॅनलमध्ये प्रत्येक दार, खिडकी किंवा खोली यांसाठी स्वतंत्र परिपथ असतो. त्यास 'झोन' म्हणतात. झोनच्या अखेरच्या टोकाला काही किलोओहमचा एक रोधक बसवलेला असतो. पॅनल त्या परिपथाचा रोध सतत मोजत राहते. रोध अपेक्षित मूल्याइतका असेल तर सर्व ठीक आहे. तार तोडली तर तो अमर्याद वाढतो आणि दोन तारा एकमेकींना जोडल्या तर शून्याजवळ येतो. यामुळे सेन्सर तर राहोच, त्याच्याकडे जाणारी तारसुद्धा पहाऱ्याखाली राहते. स्वतःच्या मौनाचीही दखल घेणे हा इशारा पॅनलचा मूलभूत गुण होय.

गृहस्वयंचलनाचा उगम वेगळ्या गरजेतून झाला. स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने १९७५ मध्ये 'एक्स-१०' ही पद्धती विकसित केली. घरातील विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवून दिवे लावणे व मालवणे तिच्यामुळे शक्य झाले. त्यानंतर युरोपात के.एन.एक्स., बिनतारी क्षेत्रात झिग्बी व झेड-वेव्ह आणि २०२२ मध्ये निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे एकत्र नांदावीत यासाठी 'मॅटर' हे मानक आले. या सर्वांचा हेतू प्रामुख्याने सोय हा आहे. दिवा लागला नाही तर माणूस उठून बटण दाबतो; बिघडते ते इतकेच.

या दोन प्रणालींमधील भेद येथे स्पष्ट होतो. स्वयंचलन प्रणाली चुकली तर गैरसोय होते. इशारा पॅनल चुकले तर हानी होते. कोकणी घराच्या भाषेत सांगायचे तर पॅनल हा राखणदार आहे आणि स्वयंचलन हा घरचा गडी. राखणदाराने गड्याला हाक मारावी, हे योग्यच. परंतु गड्याच्या सांगण्यावरून राखणदाराने पहारा सोडता कामा नये. पुढील सर्व तांत्रिक विवेचनाचे सार याच एका नियमात आहे.

३. जोडणीचे प्रमुख मार्ग

३.१ रिलेद्वारे जोडणी : ही सर्वांत जुनी व सर्वांत भरवशाची पद्धत होय. बहुतेक पॅनलमध्ये एक किंवा अधिक 'प्रोग्रामेबल आउटपुट' असतात. पहारा लागला, इशारा झाला अथवा बिघाड झाला, यांपैकी कोणत्या प्रसंगी ते कार्यान्वित व्हावे हे ठरवता येते. या आउटपुटची वहनक्षमता अल्प, बहुधा काही दशांश अँपिअरच्या आत असते. त्यामुळे २३० व्होल्टचा दिवा त्यास थेट जोडता येत नाही. मध्ये १२ व्होल्टचा रिले घालावा लागतो. रिलेचे वेटोळे बंद होताना उलट्या दिशेने विद्युतदाबाचा झटका निर्माण होतो. तो शोषून घेण्यासाठी वेटोळ्यावर उलटा डायोड जोडणे आवश्यक असते. रिलेचा संपर्क स्वयंचलन नियंत्रकाच्या इनपुटला जोडला की पॅनल व नियंत्रक यांच्यात विद्युतदृष्ट्या कोणताही संबंध उरत नाही. एकाला विजेचा झटका बसला तरी दुसरे सुरक्षित राहण्याची शक्यता त्यामुळे वाढते. मर्यादा अशी की, एका तारेवरून 'होय' किंवा 'नाही' एवढाच निरोप जातो.

३.२ सिरियल जोडणी : काही पॅनलना छपाईयंत्र किंवा संगणक जोडण्यासाठी सिरियल द्वार असते. आर.एस.-२३२ ही पद्धत सुमारे १५ मीटरपर्यंत, तर आर.एस.-४८५ सुमारे १,२०० मीटरपर्यंत उपयोगी पडते. या मार्गाने कोणत्या झोनमध्ये हालचाल झाली, कोणी पहारा उठवला, बॅटरीची स्थिती काय आहे, असा तपशील मिळतो. मात्र उत्पादकाने आपल्या संदेशांची रचना जाहीर केलेली असेल तरच त्याचा अर्थ लावता येतो.

या संदेशांची कल्पना येण्यासाठी 'कॉन्टॅक्ट आय.डी.' या रूढ संकेतपद्धतीचे उदाहरण घेता येईल. तिच्यात प्रत्येक घटनेस तीन अंकी संकेत असतो. ११० म्हणजे आग, १३० म्हणजे घरफोडी, ३०१ म्हणजे वीजपुरवठा खंडित, ३०२ म्हणजे बॅटरी क्षीण आणि ४०१ म्हणजे वापरकर्त्याने पहारा लावणे किंवा उठवणे. ही पद्धत मूळची दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून स्वरसंकेतांनी चालणारी आहे. प्रकाशतंतूवर आलेल्या दूरध्वनीत आवाजाचे अंकीय रूपांतर होत असल्याने हे स्वर कधी कधी विकृत होतात. दूरध्वनी जोडणी बदलल्यावर पॅनलचा संदेश पलीकडे पोहोचतो की नाही, हे म्हणूनच पुन्हा तपासले पाहिजे.

३.३ घरांतर्गत जाळ्याद्वारे जोडणी : पॅनलला जाळ्याचे मोड्यूल बसवून ते राउटरला जोडले जाते आणि घरातच ठेवलेला छोटा नियंत्रक त्याच्याशी बोलतो. यासाठी १९९९ मध्ये विकसित झालेली व २०१४ मध्ये ओएसिस संस्थेचे मानक म्हणून स्वीकारली गेलेली एम.क्यू.टी.टी. ही हलकी संदेशपद्धती बरीच वापरली जाते. इंटरनेट बंद पडले तरी घरातील जोडणी चालू राहते, हा या मार्गाचा मोठा लाभ होय.

३.४ दूरस्थ सर्व्हरद्वारे जोडणी : पॅनलच्या उत्पादकाचा सर्व्हर आणि स्वयंचलनाच्या उत्पादकाचा सर्व्हर परस्परांशी बोलतात व मोबाइलवर सर्व काही दिसते. बसवण्यास ही पद्धत सर्वांत सोपी आहे. तथापि कसालमधील दाराची बातमी कसालमधील दिव्यापर्यंत पोहोचण्यासाठी दूरच्या दोन सर्व्हरचा प्रवास करते. इंटरनेट नसेल किंवा कंपनीने ती सेवा बंद केली तर जोडणीच नाहीशी होते. ही पद्धत पूरक म्हणून ठेवण्यास हरकत नाही. मुख्य आधार म्हणून ती पुरेशी नाही.

४. संदेशांची दिशा

मार्ग कोणताही असो, निर्णायक प्रश्न दिशेचा आहे. पॅनलकडून स्वयंचलनाकडे जाणारी माहिती निर्धोक असते. इशारा झाला की पडवीतील व मागील दाराकडील सर्व दिवे लावणे, कॅमेऱ्याचे चित्रण सुरू करणे, धुराचा इशारा झाल्यास वाटेतील दिवे उजळणे, पहारा लागताच पंप व अनावश्यक उपकरणे बंद करणे, ही कामे स्वयंचलनाने खुशाल करावीत.

उलट दिशेचा मार्ग मात्र अत्यंत अरुंद असावा. अनेक पॅनलमध्ये एखादा झोन 'कळ-स्विच' म्हणून नेमता येतो व बाहेरील संपर्काने पहारा लावता-उठवता येतो. घाईने काम करणारे तंत्रज्ञ स्वयंचलनाचा रिले याच झोनला जोडतात. परिणामी ज्याच्या हाती मोबाइलमधील दिव्याचे बटण आहे, त्याच्या हाती घराची किल्लीही जाते. काही पॅनलमध्ये 'केवळ पहारा लावणे' असा पर्याय असतो. तो उपलब्ध असेल तरच ही जोडणी करावी, अन्यथा टाळावी. पहारा उठवणे हे काम पॅनलच्या कळफलकावर, स्वतःच्या संकेतांकानेच व्हावे.

ही भीती काल्पनिक नाही. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने जगभरातील लक्षावधी कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी फारशी विद्वत्ता लागली नाही. कारखान्यात घातलेले व मालकाने कधीच न बदललेले पासवर्ड तेवढे पुरले. दिवे व कॅमेरे यांचे जाळे म्हणूनच दुबळे आहे असे गृहीत धरून पॅनल त्यापासून वेगळ्या उपजाळ्यात ठेवावे. राउटरमधून पॅनलकडे येणारे द्वार बाहेरच्या जगासाठी उघडे ठेवू नये.

बिनतारी उपकरणांबाबत आणखी एक मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा आहे. आखाती देशांतून किंवा अमेरिकेतून येणारे नातेवाईक हौसेने सेन्सर घेऊन येतात. झेड-वेव्ह उपकरणे युरोपात व आखातात ८६८.४, अमेरिकेत ९०८.४, तर भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर चालतात. भारतात अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त होता. २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढवला. परदेशी उपकरण येथील नियंत्रकाशी बोलत नाही, इतकेच नव्हे तर ते नियमबाह्यही ठरू शकते.

५. कोकणातील परिस्थिती

५.१ वीज : मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजेचे खांब व तारा मोठ्या प्रमाणावर कोसळल्या आणि अनेक गावे काही दिवस अंधारात राहिली. दर पावसाळ्यात लहान-मोठे खंड पडतच असतात. जोडणीचा विचार त्यामुळे बॅटरीपासूनच सुरू करावा लागतो. उदाहरणादाखल एक पॅनल १२० मिलिअँपिअर, आठ हालचालदर्शक सेन्सर मिळून १२० व कळफलक ६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो असे मानू. एकूण ३०० मिलिअँपिअर झाले. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री सुमारे २३ तास पुरेल; बॅटरी जुनी झाल्यावर १५ तास धरणे शहाणपणाचे. आता १ अँपिअर घेणारा राउटर त्याच बॅटरीवर टाकला तर एकूण मागणी १.३ अँपिअर होऊन कागदोपत्री अवधीही जेमतेम साडेपाच तासांवर येतो. म्हणजेच सोयीसाठी केलेली जोडणी एका दिवसाचा पहारा अर्ध्या रात्रीवर आणते. राउटर व नियंत्रक यांना स्वतंत्र बॅटरी द्यावी. ती संपली तरी पॅनलचा पहारा व त्याचा स्वतःचा मोबाइल-संदेशक चालू राहिला पाहिजे.

वीज परत आल्यावर नियंत्रक कोणत्या स्थितीत सुरू होतो, हेही पाहावे. काही नियंत्रक सुरू होताना सर्व रिले क्षणभर हलवतात. तो क्षण कळ-स्विचला जोडलेला असेल तर वीज येताच घराचा पहारा उठू शकतो.

५.२ आकाशातील वीज व भूयोजन : वळवाच्या व परतीच्या पावसात या भागात विजांचे प्रमाण मोठे असते. चिऱ्याची कोरडी जमीन विजेला सहज वाट देत नाही. त्यामुळे केवळ सळई ठोकून केलेले भूयोजन अपुरे पडते. आय.एस. ३०४३ या भारतीय मानकास अनुसरून भूयोजन करून त्याचा रोध मे महिन्यात, जमीन सर्वाधिक कोरडी असताना, मोजावा. अंगणातील फाटकापर्यंत किंवा विहिरीच्या पंपापर्यंत गेलेली प्रत्येक तार ही विजेच्या झटक्याला घरात येण्याची वाट असते. अशा तारांवर झटकारोधक बसवावा व पॅनलशी त्यांचा संबंध रिलेद्वारेच ठेवावा.

५.३ दमट हवा, लाकूड व जीवजंतू : पावसाळ्यात लाकडी दारे फुगतात व चुंबकीय संपर्कातील अंतर बदलते. कौलारू घरात पाल, वटवाघूळ, उंदीर व क्वचित उदमांजर यांचा वावर असतो. अवरक्त किरणांवर चालणारा हालचालदर्शक सेन्सर उष्णतेतील बदल टिपतो. पाल नेमकी त्याच्या काचेवरून गेली तर त्याला ते मोठे हलणारे शरीर भासते. अवरक्त व सूक्ष्मलहरी या दोन्हींची एकाच वेळी खात्री झाल्यावरच इशारा देणारे सेन्सर अशा घरांत अधिक योग्य ठरतात.

६. इशारा कोणी ऐकायचा?

येथवरचे विवेचन उपकरणांविषयी झाले. परंतु बंद घरात वाजणारी घंटा ही अखेर कोणाला तरी ऐकू यायला हवी. मोठ्या शहरांत त्यासाठी चोवीस तास चालणारी संनियंत्रण केंद्रे असतात. कसालसारख्या गावात ते काम शेजारी करतो. घराची चावी बहुधा त्याच्याकडेच असते आणि मध्यरात्री बॅटरी घेऊन पावसात बाहेर पडणारा माणूस तोच असतो. सलग तीन वेळा पालीमुळे घंटा वाजली तर चौथ्या वेळी तो येणार नाही. त्यात त्याचा दोषही नाही. खोट्या इशाऱ्याची खरी किंमत विजेच्या किंवा मोबाइलच्या देयकात नसते. ती शेजारधर्माच्या खात्यातून वजा होत असते.

स्वयंचलनाचा सर्वांत मोलाचा उपयोग म्हणूनच येथे आहे. पॅनलने इशारा दिला की प्रणालीने दिवे लावावेत, कॅमेऱ्याचे चित्र मुंबईतील मालकाला दाखवावे आणि त्याने खात्री करूनच शेजाऱ्याला दूरध्वनी करावा. घुसखोर दिसत असेल तर शेजाऱ्याला आत जाण्यास न सांगता ११२ या आपत्कालीन क्रमांकावर पोलिसांना कळवावे. चित्र मिळत नसेल तर इशारा खरा मानावा. मोबाइलवरील मूक सूचना झोपेत कोणी पाहत नाही. त्यामुळे पॅनलकडून प्रत्यक्ष दूरध्वनी जाईल अशी व्यवस्था असावी व क्रमाने किमान तीन व्यक्तींचे क्रमांक त्यात भरलेले असावेत.

चावी सांभाळणाऱ्या व्यक्तीस स्वतःचा वेगळा संकेतांक द्यावा. ४०१ या संदेशासोबत वापरकर्त्याचा क्रमांकही नोंदला जातो. या नोंदीकडे बहुधा संशयाच्या दृष्टीने पाहिले जाते. वस्तुतः घरातील काही हरवले तर 'मी त्या दिवशी घर उघडलेच नव्हते' हे सिद्ध करणारा पुरावाही तीच नोंद असते. विश्वासू माणसाच्या प्रतिष्ठेचे ती रक्षण करते. गणपतीत आलेल्या पाहुण्यांना दिलेले तात्पुरते संकेतांक विसर्जनानंतर आठवणीने रद्द करावेत.

जेथे वृद्ध व्यक्ती एकटी राहते, तेथे जोडणीचा आणखी एक उपयोग होतो. पहारा उठलेला असतानाही पॅनलच्या सेन्सरना हालचाल दिसतच असते. बहुतेक वेळा ती माहिती वाया जाते. सिरियल अथवा जाळ्याच्या मार्गाने ती स्वयंचलनाला मिळाल्यास सकाळी ठरावीक वेळेपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल न झाल्यास मुलांना व शेजाऱ्यांना निरोप जाऊ शकतो. यासाठी घरात कॅमेरा लावावा लागत नाही. मात्र ही व्यवस्था त्या व्यक्तीला समजावून, तिच्या संमतीनेच करावी. २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमातून व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर वगळलेला आहे. म्हणून येथे कायद्याचा धाक नाही. आईवडिलांच्या मानाचा विचार मुलांनी स्वतःच करावयाचा आहे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) इशारा पॅनल हे स्वयंचलनाशिवाय स्वतंत्रपणे पूर्ण काम करू शकले पाहिजे. जोडणी काढून टाकल्यास फक्त सोय कमी व्हावी, सुरक्षा नव्हे.

(२) माहिती पॅनलकडून स्वयंचलनाकडे मुक्तपणे जावी. उलट दिशेने पहारा उठवण्याची आज्ञा कधीही जाऊ नये.

(३) साध्या घरासाठी रिलेची जोडणी पुरेशी व टिकाऊ आहे. तपशील हवा असेल तर घरांतर्गत जाळ्याचा मार्ग निवडावा आणि दूरस्थ सर्व्हर पूरक ठेवावा.

(४) पॅनल व राउटर यांच्या बॅटऱ्या वेगळ्या असाव्यात. महिन्यातून एकदा वीज बंद करून संपूर्ण साखळीची, शेवटच्या माणसाला दूरध्वनी जाईपर्यंत, चाचणी घ्यावी.

(५) जोडणीचा आराखडा मराठीत एका कागदावर काढून पॅनलच्या पेटीत ठेवावा. ज्या तंत्रज्ञाने काम केले तोच दुरुस्तीस येईल याची खात्री नसते. गावातील वायरमनला तो कागद वाचता आला पाहिजे.

या शेवटच्या मुद्द्यात महाविद्यालयांनाही वाव आहे. भौतिकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागांतील विद्यार्थ्यांना झोनचा रोध मोजणे, बॅटरीचा अवधी काढणे, भूयोजन तपासणे हे प्रात्यक्षिक म्हणून देता येईल, तर समाजशास्त्र विभागाला बंद घरे व शेजारसंबंध हा अभ्यासविषय आहे. दोन्ही विभागांनी एकत्र येऊन एखाद्या वाडीतील घरांची तपासणी केल्यास आंतरविद्याशाखीय अभ्यास या शब्दाला प्रत्यक्ष अर्थ लाभेल. कुलूप लावून मुंबईची गाडी पकडणाऱ्या माणसाला हवी असते ती एवढीच खात्री : घराला काही झाले तर कोणाला तरी कळेल, आणि ज्याला कळेल तो येईल. पहिली गोष्ट पॅनल करू शकते. दुसरी माणसावर अवलंबून असते. जोडणीची आखणी करताना या माणसाचा भार हलका होतो की वाढतो, हेच अखेर पाहावयाचे असते.